विद्यार्थ्यांच्या खेळासाठी आणि स्वास्थ्यासाठी देणगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला देणगी द्यायची म्हटलं की ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि शिष्यवृत्ती ही नावं लगेच पुढे येतात. मैदान, व्यायामशाळा, समुपदेशन कक्ष यांचं नाव क्वचितच निघतं. ज्यांच्या मनात ते येतं, त्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक मत आधीच सांगून ठेवतो. या कामात वास्तूंना पैसा लवकर मिळतो आणि माणसांना फार उशिरा. देणगीदारांनी हे बदलावं असं मला मनापासून वाटतं, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते दिसेल.

खेळ आणि स्वास्थ्याचे कार्यक्रम म्हणजे नेमकं काय? विद्यापीठाचा संघ त्यात येतो का?

निवडक खेळाडूंचा संघ बांधून स्पर्धेला पाठवणं हे वेगळं काम आहे आणि त्याला पाठबळ देणारेही वेगळे असतात. इथे विषय उरलेल्या सगळ्यांचा आहे. आंतरवर्गीय सामने, हौशी क्लब, सर्वांना खुली असलेली व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव, पदभ्रमंती, योग आणि नृत्याचे वर्ग, झोप-आहार-व्यसन यांबद्दलचं मार्गदर्शन, समुपदेशन, विद्यार्थ्यांनीच चालवलेले मदतगट हे सगळं त्यात येतं. ज्याला चेंडू धड झेलता येत नाही, त्यालाही मैदानावर हक्काची जागा मिळाली पाहिजे, हा यामागचा विचार.

विचार नवा नाही. अमेरिकेत १९५० साली, वर्णभेदाच्या काळात, विल्यम वॉसन यांनी न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात ११ कृष्णवर्णीय महाविद्यालयांतल्या क्रीडा विभागांच्या लोकांना एकत्र आणलं आणि अंतर्गत क्रीडास्पर्धांची राष्ट्रीय संघटना सुरू केली. आज ती निर्सा या नावाने ओळखली जाते. पुढे २०१५ मध्ये कॅनडात ओकानागन सनद तयार झाली. आरोग्य हे एका दवाखान्याचं किंवा एका विभागाचं काम नसून विद्यापीठाच्या सगळ्या कारभारात ते असायला हवं, ही त्या सनदेची मुख्य मागणी आहे.

याची खरोखर गरज आहे का? तरुण मुलं तर धडधाकटच असतात.

दिसतात तशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. प्रत्यक्षात ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं त्यांच्यासाठी सांगितलेल्या प्रमाणापेक्षा कमी हालचाल करतात, असं याच संघटनेच्या २०१६ पर्यंतच्या आकडेवारीत आढळलं. हीच मुलं पुढे महाविद्यालयात येतात आणि मग दिवसभर खुर्चीत, रात्री पडद्यासमोर असतात.

मनाच्या बाबतीत हे वय अधिकच नाजूक आहे. आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश विकारांची सुरुवात वयाच्या २४ वर्षांपर्यंत झालेली असते, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००५ मध्ये मांडलं गेलं. २०१८ मध्ये ८ देशांतल्या १९ महाविद्यालयांच्या सुमारे १४ हजार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये तोवरच्या आयुष्यात कधीतरी किमान एका मानसिक विकाराची लक्षणं आढळली. म्हणजे ज्या वर्षांत आधार सर्वांत जास्त लागतो, नेमक्या त्याच वर्षांत ही मुलं घरापासून लांब, अनोळखी खोलीत राहत असतात.

विद्यार्थी शुल्क भरतात ना? मग देणगी कशाला?

शुल्कातून वीज, साफसफाई, पगार असा रोजचा गाडा चालतो, तोही कसाबसा. अंदाजपत्रकाला कात्री लागली की पहिली गदा संध्याकाळच्या वेळेवर आणि सुट्टीच्या दिवसांवर येते. दिव्यांचा आणि रखवालदाराचा खर्च तेवढा कापला जातो. पण दिवसा तास आणि प्रात्यक्षिकं असलेल्या मुलांना संध्याकाळचीच वेळ मोकळी असते. नऊला बंद होणारी व्यायामशाळा सहाला बंद झाली, तर कागदावर ती सुरूच असते, मुलांच्या दृष्टीने मात्र बंद पडलेली असते.

शुल्क वाढवणं हाही उपाय आहे, पण त्याचा भार ज्याला झेपत नाही त्याच्यावर सर्वांत जास्त पडतो. शुल्काला जे जमत नाही ते देणगीने करावं: वाढीव वेळ, नव्या उपक्रमाची पहिली दोन-तीन वर्षं, ज्याला शिबिराचे पैसे भरणं शक्य नाही त्याची सोय, रखडलेली दुरुस्ती.

त्यापेक्षा एखाद्या गरजू मुलाला शिष्यवृत्ती देणं अधिक मोलाचं नाही का?

शिष्यवृत्तीचं मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. तिच्यामुळे मूल आत येतं. आत आल्यावर ते टिकेल का, हे फक्त पैशावर ठरत नाही. घरातून पहिल्यांदाच कोणी एवढं शिकायला बाहेर पडलेलं असतं, भाषा नवी असते, वर्गात तोंड उघडायची भीती वाटते. अशा मुलाला पहिले मित्र वर्गापेक्षा मैदानावर लवकर मिळतात, कारण तिथे बोलण्याआधी खेळायला सुरुवात होते.

दोन्हींची सांगड घालता येते, आणि ती मला फार आवडते. शिष्यवृत्तीधारकांना क्लबची वर्गणी, गणवेश, बूट आणि सहलींचा खर्च देणारा छोटा निधी जोडायचा. ही रक्कम शिष्यवृत्तीच्या मानाने किरकोळ असते. पण नसेल तर तो मुलगा ‘मला खेळात रस नाही’ असं सांगून मोकळा होतो आणि खरं कारण कुणाला कळतच नाही.

खेळल्याने गुण वाढतात का?

नियमित व्यायामशाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण चांगले असतात, असं बऱ्याच पाहण्यांत दिसतं. पण मुळात शिस्तीची मुलंच जास्त संख्येने तिथे जात असतील, ही शक्यता त्यातून सुटत नाही. म्हणून गुणांची हमी देऊन कोणी देणगी मागत असेल तर सावध व्हा. झोप सुधारणं, ताण आणि नैराश्याची लक्षणं कमी होणं यांबाबत व्यायामाचा उपयोग बराच भक्कमपणे दिसून आला आहे. देणगी देण्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे.

इमारतीला द्यावं की कार्यक्रमाला?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

इमारती काळाच्या पुढे टिकतात आणि त्यांचा उपयोगही होतो, हे खरं. येल विद्यापीठातली १९३२ ची पेन व्हिटनी व्यायामशाळा पाहा. माजी विद्यार्थी पेन व्हिटनी यांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबाने ती उभारून दिली, आणि कॅथेड्रलसारखी दिसणारी ती गॉथिक वास्तू आजही वापरात आहे. अशी देणगी पिढ्यान् पिढ्या पुरते. पण त्यासाठी वास्तू सांभाळायची ऐपत असलेली संस्था मागे उभी असावी लागते.

जिथे ती नसते तिथे काय होतं ते जवळून पाहिलं की विसरता येत नाही. उद्घाटनाला आलेली वीस ट्रेडमिल यंत्रं रांगेत उभी असतात. दोन-तीन वर्षांत एकाचा पट्टा सैल होतो, दुसऱ्याचं बटण अडकतं. सुटा भाग मागवायला मंजुरी लागते, मंजुरीला तरतूद लागते, आणि तरतूद कुठेच नसते. मग हाताने लिहिलेला ‘बंद आहे’ असा कागद चिकटवला जातो. तो कागद पिवळा पडतो, चिकटपट्टी सुटते, नवी लावली जाते. मुलं हळूहळू यायची थांबतात. कृत्रिम गवताचं मैदान घ्या. साधारण ८ ते १० वर्षांत ते बदलावं लागतं आणि तोपर्यंत त्याची नियमित निगा लागते. हे मैदान देताना दहाव्या वर्षाचा विचार कोणी केला होता का, हा प्रश्न देणगीच्या पहिल्या बैठकीतच विचारायचा.

म्हणून माझा आग्रह असा. वास्तूसाठी द्यायचंच असेल, तर त्याच करारात देखभालीचा निधी वेगळा काढा. आणि मुळातच मोकळीक असेल, तर आधी माणसांना द्या: प्रशिक्षक, जीवरक्षक, समुपदेशक, संध्याकाळी मैदानाची जबाबदारी घेणारी व्यक्ती. साध्या मैदानावर चांगला प्रशिक्षक असेल तर शंभर मुलं येतात. उत्तम मैदानावर कोणीच नसेल, तर जी मुलं आधीपासून खेळत होती तीच येतात.

कायमनिधी आणि चालू खर्चासाठीची देणगी यांत फरक काय?

कायमनिधीत मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि दरवर्षी तिचा छोटा हिस्सा खर्चायला मिळतो. अनेक संस्था हा हिस्सा वर्षाला ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, म्हणजे महागाई वाढली तरी मूळ रकमेची ताकद टिकते. हिशोब सोपा आहे: ४ टक्के धरले तर वर्षाला जेवढा खर्च हवा, त्याच्या २५ पट रक्कम ठेवावी लागते. एका समुपदेशकाचा पगार कायमचा द्यायचा, तर आज त्याच्या २५ वर्षांच्या पगाराएवढी रक्कम लागेल.

आकडा ऐकून बरेच जण मागे सरतात. सरू नका. चालू खर्चाची देणगी यंदाच खर्च होते आणि यंदाच्याच मुलांना मिळते. पाच वर्षांचं ठरावीक वचन हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहारी वाटतो. एका वर्षाच्या पैशावर संस्था चांगला माणूस नेमायला कचरते, पाच वर्षांची खात्री असेल तर नेमते. लहान कायमनिधी मात्र शक्यतो टाळा. त्याचं वार्षिक उत्पन्न इतकं थोडं असतं की हिशोब ठेवण्याचाच त्रास जास्त होतो.

माझ्याकडे देण्यासारखी रक्कम फार थोडी आहे. उपयोग होईल?

होईल, फक्त ती एका ठरलेल्या गोष्टीसाठी द्या. खेळायचे बूट उसने देणारी खिडकी हे माझं आवडतं उदाहरण. कपाटात निरनिराळ्या मापांचे बूट, एक वही, निर्जंतुक करायचा फवारा आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एक विद्यार्थी. नाव लिहायचं, बूट घ्यायचे, खेळून परत करायचे. ज्यांच्याकडे चप्पल सोडून दुसरं काही नाही अशी मुलं याच खिडकीमुळे मैदानात उतरतात.

दुसरं उदाहरण हृदयाला विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करणाऱ्या यंत्राचं, म्हणजे एईडीचं. हृदय अचानक बंद पडल्यावर छातीवर दाब देणं सुरू झालं नसेल, तर झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. यंत्र दवाखान्यात असून चालत नाही, मैदानाच्या कडेलाच हवं. मात्र त्याच्या बॅटरीला आणि पॅडना मुदत असते, ती संपल्यावर बदलण्याचे पैसे आणि दरवर्षीचं प्रशिक्षण हेही त्याच देणगीत बसवा.

वस्तू दिल्या तर चालतील का?

आधी विचारा. घरातलं व्यायामाचं यंत्र घरच्या वापरासाठी बनलेलं असतं, दिवसाला पन्नास जणांचा वापर ते सोसत नाही. कोणाला इजा झाली तर जबाबदारी संस्थेची. नवे चेंडू, जाळ्या, चटया सहसा चालतात.

पैशाऐवजी वेळ देता येईल?

येईल, आणि तो हवाच असतो. पंच म्हणून उभं राहणं, पदभ्रमंतीला सोबत करणं, प्रथमोपचार शिकवणं. पण दोन गोष्टी मनाशी पक्क्या असाव्यात. ठरलेल्या दिवशी न चुकता यायचं, आणि संस्थेने ओळख-पडताळणी मागितली तर ती आनंदाने करून द्यायची. समुपदेशन मात्र प्रशिक्षित व्यक्तीनेच करावं. तळमळ असली तरी त्या खुर्चीत बसायला शिक्षण लागतं.

मानसिक आरोग्यासाठी द्यायचं असेल तर नेमकं कशासाठी द्यावं?

संस्थेला एकच गोष्ट विचारा: विद्यार्थ्याने मदत मागितल्यावर पहिली भेट किती दिवसांनी मिळते? तीन आठवडे हे उत्तर आलं, तर ध्यानासाठी सुंदर खोली बांधण्याआधी समुपदेशकांची संख्या वाढवायला हवी. परीक्षेच्या काळात गर्दी वाढते, तेव्हापुरते जादा तास मिळावेत यासाठी दिलेली रक्कमही फार कामी येते.

त्याचबरोबर, सगळ्यांनाच समुपदेशकाची गरज असते असं नाही. पुष्कळ मुलांना कोणीतरी विचारपूस करणारं हवं असतं. वसतिगृहातल्या सहाध्यायींना ऐकून घेण्याचं, धोक्याची चिन्हं ओळखण्याचं आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवण्याचं प्रशिक्षण देणारे उपक्रम कमी खर्चात बरंच काही करतात. पण त्यांच्या पाठीशी व्यावसायिक माणूस असलाच पाहिजे. वीस वर्षांच्या मुलीवर दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी टाकून आपण मोकळं व्हायचं नाही.

जी मुलं मैदानाकडे फिरकतच नाहीत, त्यांच्यापर्यंत ही देणगी कशी पोहोचेल?

आपोआप पोहोचणार नाही. खुल्या दरवाजातून आधी तेच आत येतात ज्यांना आत यायची सवय आहे. बाकीचे का येत नाहीत हे त्यांनाच विचारावं लागतं, आणि उत्तरं फार साधी निघतात. वाटेवर अंधार असतो. कपडे बदलायची खोली बंद असते किंवा तिच्या दाराला कडी नसते. सगळे पाहतील याची लाज वाटते. वजनं उचलायच्या खोलीत पोरांचा घोळका असतो. यातल्या एकाही गोष्टीला मोठा प्रकल्प लागत नाही. वाटेवर दिवे, दाराला कडी, नवशिक्यांसाठी राखीव तास, स्त्री प्रशिक्षक. अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करायला बंदी घातली आणि मुलींचा खेळातला सहभाग झपाट्याने वाढला. संधी नव्हती म्हणून मुली दिसत नव्हत्या, हे त्यातून ठळकपणे समोर आलं.

अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा हक्काचा विषय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या कलम ३० मध्ये खेळ, मनोरंजन आणि विरंगुळ्यातला सहभाग स्पष्टपणे नोंदवलेला आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधली की काम झालं असं मानू नका. तलावात उतरवणारी खुर्ची बसवलेली असते, पण ती चालवायला शिकलेला माणूस त्या पाळीत नसतो. चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळायला वेगळ्या खुर्च्या लागतात आणि पाच जणांशी खेळायला आणखी पाच जण लागतात. म्हणून शेजारच्या दोन-तीन संस्थांनी मिळून चालवलेल्या उपक्रमाला दिलेली देणगी इथे जास्त फळते.

देणगीला अट घालता येते का?

येते, आणि ती लेखी असावी. पण अट जितकी अरुंद, तितकी ती लवकर निरुपयोगी होते. एकाच खेळासाठी बांधून ठेवलेला निधी त्या खेळात कोणी उरलं नाही की पडून राहतो. ‘हा हेतू शक्य न राहिल्यास त्याच्या जवळच्या हेतूसाठी वापरावा’ हे वाक्य करारात आवर्जून घाला.

नामफलक लावतात का?

बहुतेक ठिकाणी लावतात. आईवडिलांच्या नावाने काहीतरी उभं राहावं ही इच्छा सुंदर आहे. फक्त ते नाव किती वर्षं राहील आणि वास्तू पाडली तर काय, हे आधी ठरवून घ्या. नाव प्रशिक्षकाच्या पदालाही देता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. मग त्या पदावर जो येईल तो तुमच्या आईचं नाव घेऊन काम करतो.

मी जेथे नोकरी करतो ती कंपनी माझ्या देणगीत भर घालेल का?

घालू शकते. जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकी रक्कम आपणही देण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे अनेक कंपन्यांनी ती उचलली. मनुष्यबळ विभागाकडे चौकशी करा. खेळ आणि स्वास्थ्याचे कार्यक्रम त्या योजनेत बसतात का, हे वेगळं विचारावं लागतं.

कंपन्यांचं प्रायोजकत्व सरसकट घ्यावं का?

नाही. तंबाखूच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं कलम १३ जाहिरातीबरोबर प्रायोजकत्वावरही बंदी मागतं. मद्य, सट्टा आणि साखरेने भरलेली पेयं यांच्या पैशातून स्वास्थ्याचा कार्यक्रम चालवणं मला पटत नाही. संस्थेने याबद्दलचं धोरण आधीच लिहून ठेवावं. पैसा समोर आल्यावर नाही म्हणणं फार जड जातं.

कर सवलत मिळते का?

ते तुमच्या देशाच्या कायद्यावर आणि संस्थेच्या नोंदणीवर ठरतं. पावती, नोंदणी क्रमांक आणि पैसे पाठवण्याचा मान्य मार्ग या तिन्ही गोष्टी देण्याआधी तपासा, आणि रक्कम मोठी असेल तर करसल्लागाराशी बोला.

माझ्या पैशाचं काय झालं हे मला कळेल का?

कळायला हवं, मागायलाही संकोच करू नका. वर्षातून एकदा जमाखर्च आणि दोन पानांचा अहवाल पुरे. त्यात एकूण किती जण आले याबरोबर पहिल्यांदाच किती जण आले, किती तास दरवाजा उघडा होता आणि किती यंत्रं चालू स्थितीत आहेत हे असावं. यावरून खरी परिस्थिती कळते.

समुपदेशनाबाबत मात्र मर्यादा पाळा. कोण आलं, कशासाठी आलं हे विचारायचं नाही. ‘माझ्या देणगीने बऱ्या झालेल्या एखाद्या मुलाला भेटायचंय’ ही मागणी प्रेमातून येत असली, तरी ती त्या मुलाला फार अवघडवणारी असते.

देण्याआधी संस्थेत जाऊन पाहावं का?

अवश्य जा, आणि शक्यतो संध्याकाळी सातच्या सुमाराला. ठरवून दाखवलेल्या फेरीत सगळं चकचकीत असतं. कपडे बदलायच्या खोल्या पाहा, पिण्याच्या पाण्याचा नळ पाहा, साहित्य देणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोला. काय कमी आहे हे त्याच्याइतकं नेमकं कोणीही सांगणार नाही.

मृत्युपत्रात तरतूद करता येते का?

येते. संस्थेचं नोंदणीकृत नाव अचूक लिहा, हेतू थोडा मोकळा ठेवा आणि हयातीतच संस्थेला कळवा, म्हणजे शब्दरचना एकत्र बसून ठरवता येते. घरच्यांनाही सांगून ठेवा.

दिलेली देणगी परत मागता येते का?

सहसा नाही. लेखी अटींचा भंग झाला तर काय करायचं हे करारात लिहिलेलं असेल, तर त्याप्रमाणे दाद मागता येते. हप्त्यांनी द्यायचं ठरवलं असेल, तर पुढचा हप्ता मागच्या वर्षाचा अहवाल आल्यावर द्यायचा, असं सुरुवातीलाच ठरवून घेता येतं.